भाऊंनी माझ्यासाठी न लिहिलेली चिठ्ठी

आमची खोली साहेबांच्या बंगल्याच्या मागं होती, दोन गाड्यांच्या शेडला लागून. एक दार, एक खिडकी, आणि ती खिडकी शेडमध्येच उघडायची. गाडी सुरू झाली की आधी खिडकी लावायची, मग पातेल्यावर झाकण ठेवायचं, हे आईच्या हातात बसलेलं होतं. तरी धुराचा वास आमच्या कपड्यांना, वह्यांना, उशांना लागायचाच. शाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीनं एकदा विचारलं, तुझे वडील पेट्रोल पंपावर आहेत का? मी म्हणाले, नाही, आमदारांकडे आहेत. तिनं दप्तर सरकवून मला बाकावर जास्त जागा दिली आणि मला बरं वाटलं. त्या एवढ्याशा वाक्यात मोठेपणा किती आणि मिंधेपणा किती, हे कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली...

भाऊ म्हणजे माझे वडील. सहा आठवड्यांपूर्वी ते गेले. मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पहिल्या पाळीला होते. बॉयलरच्या मजल्यावर फोनवरचं काही ऐकू येत नाही, म्हणून आईचा नंबर बघून जिन्यात आले. आई एवढंच म्हणाली, "भाऊ उठत नाहीत गं." मी घरी पोचले तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. आई सांगत होती, पहाटे नेहमीसारखे उठले, खाली गेले, तुझी गाडी पुसली, वर आले, चहा घेतला, पेपर वाचला, जरा पडतो म्हणाले. माझी गाडी भाऊ रोज पहाटे फिरवून ठेवायचे, तोंड फाटकाकडं. गाडी नेहमी निघायच्या बाजूनं तोंड करून उभी पाहिजे, हा त्यांचा अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीतला नियम. निवृत्त झाल्यावर साहेबांची गाडी राहिली नाही, तर माझी लहानशी गाडी त्यांनी ताब्यात घेतली. त्या दिवशीही मी काच न पुसता, मागं न वळता, सरळ बाहेर पडले होते. त्यांना बघितलं नाही. ते जिन्यानं वर गेलेले होते, मी लिफ्टनं खाली आले होते.

भाऊ मूळचे कळवण तालुक्यातले. जमीन नव्हती. दुसऱ्याच्या शेतावर ट्रॅक्टर चालवायचे. शाळा सातवीपर्यंत. आठवीला कळवणला जावं लागलं असतं, आणि त्याच वर्षी आजोबांचा पाय मोडला, त्यामुळं शाळा सुटली ती सुटली. पण अक्षर फार देखणं. शाळेत असताना फळ्यावरचा रोजचा सुविचार गुरुजी त्यांच्याकडूनच लिहून घ्यायचे. साहेब पहिल्यांदा निवडून आले तेव्हा प्रचारात त्यांना एक ड्रायव्हर हवा होता, डोंगरातले रस्ते माहीत असलेला. भाऊ पंधरा दिवसांसाठी म्हणून गेले आणि नाशिकचेच झाले. पुढं आई आली, मी आले. गावाकडचं कुणी भेटलं की भाऊंची बोली लगेच पालटायची, "काय शे, कसं शे" सुरू व्हायचं. बंगल्यात मात्र ते फार कमी बोलत.

साहेबांचा पक्ष जुनं जपणारा, शिस्तीचा. सरकारनं माणसाच्या आयुष्यात फार मध्ये पडू नये, असं मानणारा. तेव्हा सत्ता त्यांचीच होती. साहेबांचं एक भाषण मला अजून पाठ आहे, कारण भाऊंना ते पाठ होतं. सरकार कुणाला हाताला धरून वर नेणार नाही, सरकारनं कुबड्या वाटायच्या नसतात, ज्याच्यात धमक आहे तो गरिबाच्या पोटी जन्मला तरी वर येतो. भाऊ हे गाडी पुसता पुसता म्हणायचे, अगदी साहेबांसारखा हात वर करून. आई म्हणायची, "तुमच्यात हे का धमक?" तर म्हणायचे, "माझ्यात नसंल. पोरीत हे." त्यांची त्या भाषणावर खरोखर श्रद्धा होती. साहेबांची किती होती, ते मला सांगता येणार नाही. त्यांचा मुलगा अजिंक्य, त्याला आम्ही अजिंक्यदादा म्हणायचो, माझ्याहून एक वर्ष पुढं होता. वर्ष संपलं की त्याची पुस्तकं आमच्या खोलीत यायची. कोरी करकरीत. एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ नाही, एक पान दुमडलेलं नाही. आई कौतुकानं म्हणायची, किती नीट वापरतो बघ. मला हसू यायचं. त्या पुस्तकांना पहिल्यांदा हात माझाच लागायचा.

आता त्या चिठ्ठ्यांचं सांगते. साहेब दौऱ्यावर निघाले की गावोगाव माणसं गाडीला अडवायची. कुणाला मुलाची शाळा, कुणाला दवाखाना, कुणाला एसटीत नोकरी. सगळ्यांना हवं असायचं साहेबांचं पत्र. दर वेळी लिहायला माणूस कुठून आणणार? म्हणून साहेब सही केलेली कोरी लेटरहेडं गाडीत ठेवायचे, आणि म्हणायचे, "सुकदेव, ह्यांचं काय आहे ते लिहून दे." मग भाऊ खाली उतरायचे. उन्हानं तापलेल्या बॉनेटवर टॉवेलाची घडी टाकायची, त्यावर कागद, आणि उभ्या उभ्या लिहायचं. माझी दहावीची परीक्षा झाल्यावर माझा परीक्षेचा पॅड त्यांनी मागून घेतला. पुठ्ठ्याचा, वर लोखंडी चाप असलेला, मागं मी शाईनं नाव लिहिलेलं. तेव्हापासून टॉवेलावर तो पॅड, पॅडवर पत्र. "सदर विद्यार्थी होतकरू व गरीब कुटुंबातील असून त्यास प्रवेश देण्यात यावा, ही शिफारस." हे वाक्य भाऊंनी किती वेळा लिहिलं असेल, देव जाणे. आमच्या तालुक्यात कितीतरी घरांमध्ये साहेबांचं म्हणून जपून ठेवलेलं पत्र आहे, आणि ते अक्षर सातवी पास ड्रायव्हरचं आहे.

या पत्रांना एक दुसरी बाजू होती. साहेबांचं भाषण रंगात आलं की ते मध्येच थांबायचे, समोरच्या गर्दीत नजर फिरवायचे, आणि कुणाकडंतरी बोट दाखवून म्हणायचे, "अरे, ऊठ बरं जरा. बघा, ह्याला मी नोकरीला लावला." तो माणूस उठायचा. हात जोडायचा. टाळ्या पडायच्या. तो बसायचा आणि भाषण पुढं चालू. मी आठवीत असताना कळवणच्या एका सभेला भाऊंनी मला गाडीतून नेलं होतं. तिथं एक एसटीचा कंडक्टर उठला होता. खाकी कपड्यात, ड्यूटीवरून तसाच आलेला, कानावरचे केस पांढरे झालेले. त्याची बायको शेजारी बसली होती आणि ती खाली बघत होती. मी तेव्हा टाळ्या वाजवल्या. भाऊ गाडीला टेकून बाहेर उभे होते. त्यांनी वाजवल्या नाहीत. ते मी बघितलं होतं, पण त्याचा विचार केला नाही.

बारावी झाली. मला मराठवाड्यातल्या एका सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला, यादीत नाव लागून. फी माफ होती. आमच्या घरातलं, किंवा गावातलं म्हणा, कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. अजिंक्यदादा आदल्याच वर्षी मॅनेजमेंट कोट्यातून पुण्याला गेला होता, आणि त्याच्या बारावीच्या निकालाची चर्चा बंगल्यात कुणी फारशी करत नसे. अडलं होतं ते माझ्या वसतिगृहापाशी. तिथं जागा नसेल तर मी त्या शहरात राहणार कुठं? खोली घेऊन राहणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. कळवलं गेलं की मुलींची यादी भरली, तुम्ही वेटिंगला आहात. मी भाऊंना म्हटलं, साहेबांचं पत्र घेऊ या. ते म्हणाले, "बघू तिथं जाऊन." दोनदा म्हटलं, दोनदा तेच उत्तर. ज्या माणसानं परक्यांच्या मुलांसाठी रस्त्यात उभं राहून पत्रं लिहिली, त्याला स्वतःच्या मुलीसाठी चार ओळी लिहिता येत नाहीत?

मग मी चोरी केली. दुपारी भाऊ जेवायला बसलेले असताना शेडमध्ये गेले, गाडीतलं एक सही केलेलं लेटरहेड काढलं आणि खोलीमागं बसून लिहिलं. "सदर विद्यार्थिनी होतकरू व गरीब कुटुंबातील असून..." भाऊंच्या अक्षरासारखं अक्षर काढायचा प्रयत्न केला. वाईट नव्हतं आलं. घडी घालून पिशवीत तळाशी ठेवलं. दुसऱ्या दिवशी भाऊ रजा घेऊन माझ्याबरोबर निघाले, एसटीनं. वाटेत त्यांनी मला खिडकीची जागा दिली आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या बघत बसले. मी पिशवी मांडीवर घट्ट धरून.

वसतिगृहाच्या कार्यालयात एक वयस्क क्लार्क होते. यादी बघून म्हणाले, चौथा नंबर आहे वेटिंगला. मग चष्म्यावरून भाऊंकडं बघत, अगदी सहज, "कुणाचं पत्रबित्र आणलंय का?" मी पिशवीत हात घातला. कागद बाहेर काढला आणि टेबलावर ठेवणार एवढ्यात भाऊंनी तो माझ्या हातातून घेतला. उघडला नाही. लेटरहेडचा निळा पट्टा बघूनच त्यांना कळलं. आणखी एक घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवला, आणि क्लार्कना म्हणाले, "पत्र नाय साहेब. नियम काय हे, तेवढं सांगा."

क्लार्कनी यादी पुन्हा उघडली. मग त्यांनी नीट सांगितलं. अजून प्रवेशाच्या फेऱ्या बाकी आहेत, काही मुली दुसऱ्या कॉलेजात जातात, जागा रिकामी झाली की नंबराप्रमाणं देतो, दर सोमवारी यादी लागते. भाऊंनी विचारलं, "नंबराप्रमाणंच ना?" ते म्हणाले, "नंबराप्रमाणंच." भाऊ म्हणाले, "मग अर्ज करतो." स्वतःच्या पिशवीतून त्यांनी माझा परीक्षेचा पॅड काढला. तो त्यांनी गाडीतून बरोबर आणलाय, हे मला माहीतच नव्हतं. व्हरांड्यातल्या बाकावर बसून त्यांनी कोऱ्या कागदावर लिहिलं. मी, खाली सही करणारी, वेटिंगला चौथ्या क्रमांकावर असून, नियमानुसार जागा रिकामी होताच मला देण्यात यावी, ही विनंती. होतकरू नाही, गरीब नाही, शिफारस नाही. मग पॅड माझ्यापुढं धरला आणि म्हणाले, "कर सही." दुसऱ्या प्रतीवर क्लार्ककडून शिक्का मारून पोच घेतली. माझ्यासाठी भाऊंनी आयुष्यात लिहिलेला तो एकच कागद.

बसस्टँडवर आलो तेव्हा मी रडत होते. दुःखानं नाही, रागानं. म्हटलं, "तुम्ही सगळ्यांना लिहून देता. मीच काय केलंय?" भाऊंनी दोन चहा आणले आणि माझ्या हातात एक दिला. मग म्हणाले...

"तो कंडक्टर आठवतो का, कळवणच्या सभेतला? त्याची चिठ्ठी मी लिहिली होती. बारा वर्षं झाली. अजून उठवतात त्याला. आता तर बायकोसमोर उठतो, पोरांसमोर उठतो. रिटायर झाला तरी उठवतील. तुला असं कुणी उठवलेलं मला बघवायचं नाय, वैशू."

"मग त्या लोकांना कशाला देता लिहून?"

"त्यांच्याकडं दुसरं काय नव्हतं. तुझा तर नंबर हे."

एवढंच. चहा संपवला, खिशातला कागद काढला, त्याचे चार तुकडे केले. नाशिकला गेल्यावर त्यांनी साहेबांना सांगितलं, एक कागद खराब झाला. साहेब म्हणाले, होऊ दे. हे मला पुढं आईकडून कळलं. मला एका शब्दानं ते कधी बोलले नाहीत. माझी चोरी तिथंच, त्या बसस्टँडवर, संपली.

भाऊंच्या ओळखीच्या एका ड्रायव्हरची बहीण त्या शहरात राहायची. तिच्या स्वयंपाकघरात मी पाच आठवडे झोपले. दर सोमवारी यादी बघायला जायचे. पहिल्या सोमवारी एक मुलगी गेली, दुसऱ्या सोमवारी कुणीच नाही, तिसऱ्याला एक, चौथ्याला एक. मी तोवर भाऊंवर रागावलेलीच होते, हे लपवण्यात काही अर्थ नाही. पाचव्या सोमवारी माझं नाव लागलं. बंगल्यावर फोन केला. साहेबांच्या पत्नीनं, वहिनीसाहेबांनी, उचलला, भाऊंना हाक मारली. धावत आल्याचं त्यांच्या श्वासावरून कळत होतं. म्हणाले, "लागला का नंबर?" मी म्हटलं, "लागला." मग म्हणाले, "बरं. जेवलीस का?"

मी स्वतःच्या एकटीच्या हिमतीवर इथवर आले, असं मी म्हणत नाही. कॉलेज सरकारी होतं, फी सरकारनं माफ केली, वसतिगृह सरकारनं बांधलेलं होतं. साहेब ज्यांना कुबड्या म्हणायचे त्या ह्याच. आणि साहेबांच्या शेडमागची खोली नसती तर माझी नाशिकमधली शाळाही झाली नसती. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. भाऊंना टायफॉईड झाला तेव्हा त्यांनी स्वतःचा डॉक्टर खोलीत पाठवला होता. पण हक्कानं मिळणारं आणि कुणाच्या तरी मर्जीनं मिळणारं, यातला फरक साहेबांना कधी दिसला नसावा, कारण त्यांच्या घरात सगळं आपोआपच यायचं. भाऊंना तो फरक दिसायचा, कारण ते ती पत्रं लिहायचे. साहेबांचं ते धमकवालं भाषण साहेबांच्या घरात कुणी मनावर घेतलं नाही. ते मनावर घेतलं त्यांच्या ड्रायव्हरनं.

मी इंजिनिअर झाले, परीक्षा देऊन नोकरीला लागले, एकलहऱ्याला आले. पहिल्या दिवशी भाऊ मला सोडायला आले होते. फाटकाबाहेर उभं राहून उंच धुराड्यांकडं बघत म्हणाले, "एवढ्या वेळा इथनं गाडी गेली. आत काय असतं कधी कळलं नाय." नंतर एकदा मी त्यांना पास काढून आत नेलं. टर्बाइनजवळ ते हात मागं बांधून उभे राहिले, देवळात उभे राहतात तसे. पुढं साहेब गेले. तिकीट अजिंक्यदादाला मिळालं, तो निवडून आला, आणि त्यात कुणाला काही वेगळं वाटलं नाही. शेवटची दोन वर्षं भाऊंनी त्याची गाडी चालवली. मग आम्ही नाशिकरोडला घर घेतलं आणि शेडमागची खोली सुटली.

दशक्रिया विधी गावी झाला, गिरणेच्या काठावर. आमच्याकडं दहाव्याला माईक असतो आणि पुढारी श्रद्धांजलीचं बोलतात. अजिंक्यदादा आला होता. त्याचे डोळे खरंच भरलेले होते, त्याला गाडी भाऊंनीच शिकवलेली. चांगलं बोलला. भाऊंचा प्रामाणिकपणा, वेळ पाळणं, सगळं. आणि मग, बहुतेक वडिलांची सवय अंगात मुरलेली असते म्हणून, तो थांबला, गर्दीत नजर फिरवली आणि म्हणाला, "आमच्या साहेबांनी सुकदेवकाकांच्या मुलीला शिकवलं. आज ती एकलहऱ्याला मोठी इंजिनिअर आहे. ताई, जरा उठा बरं, लोकांना बघू द्या."

सगळी गर्दी माझ्याकडं वळली. शेजारी आई होती. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि तो हात उठ म्हणत नव्हता. अठरा वर्षांपूर्वीचा तो बसस्टँड, तो चहा, सगळं एका क्षणात समोर आलं. भाऊ ज्याला घाबरत होते ते आज त्यांच्याच दहाव्याला घडत होतं, आणि ते थांबवायला ते नव्हते. मी बसूनच राहिले. म्हणाले, "दादा, बसूनच सांगते. मला कुणाची चिठ्ठी नव्हती. वेटिंगला चौथा नंबर होता, तो लागला. भाऊंनी अर्ज लिहिला होता, सही माझी होती."

  अजिंक्यदादानं माईक खाली घेतला आणि हळूच म्हणाला, मला माहीत नव्हतं. ते खरं होतं, त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यानं माईक वर घेतला आणि म्हणाला, "माझं चुकलं. काकांनीच शिकवलं तिला." एवढं म्हणून तो बसला. हे त्याच्या वडिलांना जमलं नसतं, हे मला इथं लिहिलंच पाहिजे. जाताना भेटला तेव्हा म्हणाला, "काकांनी कधी सांगितलं नाही हे." मी म्हटलं, "तुम्ही कधी विचारलं नाहीत, दादा." तो हसला, जरासा ओशाळून.

पुरुष पांगल्यावर चुलती म्हणाली, "आमदार हे तो. उठली असतीस तर काय झिजली असतीस का?" आईनं भांडी गोळा करता करता उत्तर दिलं, "त्यांना नसतं आवडलं." आई इतकी वर्षं या विषयावर एक शब्दही बोललेली नव्हती. मला वाटायचं तिला काही माहीत नाही...

आता गाडी मीच फिरवून ठेवते, आदल्या संध्याकाळी, तोंड फाटकाकडं करून. त्यांच्यासारखी एका दमात वळत नाही, दोनदा पुढंमागं करावं लागतं. ती पोच माझ्याकडून कधीतरी हरवली, त्याची चुटपुट आहे. पण पॅड आहे. निवृत्त होताना गाडीतून त्यांनी तेवढी एकच वस्तू घरी आणली होती. पुठ्ठ्याचे कोपरे गेलेत, चाप गंजलाय, मागचं माझं नाव त्यांच्या घामानं पुसट झालंय. तो मी एकलहऱ्याला माझ्या टेबलावर नेऊन ठेवलाय. पाळी संपली की त्यावर कागद लावते, दिवसभराच्या नोंदी तपासते आणि खाली सही करते. उपकार्यकारी अभियंता, वैशाली सुकदेव. सातवी शिकलेल्या ड्रायव्हरची मुलगी तिच्या नंबरानं शिकली, तिच्या नंबरानं नोकरीला लागली. तिच्यासाठी साहेबांच्या कागदावर एकदाच शिफारस लिहिली गेली, ती तिनंच लिहिली होती, आणि ती तिच्या वडिलांनी फाडली.